वाचकांचे सवाल: रग्बी लीग, रात्रीची कबड्डी आणि अर्ध्या तासाचा टीव्ही

मागच्या अंकात बीबीसीच्या 'सुपर लीग शो'बद्दल लिहिलं आणि एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, काही कौतुकाचे, काही झाडणारे, आणि एक तर असा की तुम्हाला कोकणात विषय मिळेनासे झाले का. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर, लँकेशायर, कंब्रिया हा जो पट्टा आहे तिथे रग्बी लीग हा जीव की प्राण खेळ, आणि लंडनवाल्यांना त्याचं फारसं काही पडलेलं नसतं. म्हणून बीबीसीने १९९९ पासून सुपर लीग, म्हणजे ह्या खेळाची तिकडची सगळ्यात वरची लीग, तिच्या हायलाईट्सचा कार्यक्रम उत्तरेकडच्या प्रादेशिक प्रक्षेपणात दाखवायला घेतला, बाकीच्या देशाला तो पुढे रात्री उशिरा रिपीट म्हणून मिळायला लागला. हॅरी ग्रेशन हे लीड्सच्या प्रादेशिक बातम्यांमधले घरोघरी माहीत असलेले निवेदक तो सादर करायचे, नंतर टान्या अर्नोल्ड आल्या. एवढंच. मी म्हटलं होतं की असा एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम आपल्या कबड्डीचा का नाही, आणि तिथूनच हे सगळे प्रश्न सुरू झाले.

रग्बी आणि रग्बी लीग वेगवेगळं काय? आम्हाला तर दोन्हीत मारामारीच दिसते.
*एक वाचक, चिपळूण*

दादा, दोन्हीत दिसते हे खरंच आहे. पण भांडण जुनं आहे आणि मुळात पगाराचं आहे. उत्तरेकडचे खेळाडू खाणीत आणि कापडगिरणीत कामाला, शनिवारी मॅच म्हणजे शनिवारचा खाडा, खाडा म्हणजे पगार कापला. क्लब म्हणाले की बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग देऊ द्या, लंडनचे साहेब म्हणाले खेळात पैसा आला की खेळ बाटला. साहेबांना काय, त्यांच्या घरी शनिवारी पण भाकरी होती. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि फुटून निघाले, नाव घेतलं नॉर्दर्न युनियन, आताचं रग्बी फुटबॉल लीग हे नाव १९२२ चं. फुटल्यावर त्यांनी नियमही बदलत नेले, १९०६ ला पंधराचे तेरा खेळाडू केले म्हणजे मैदान मोकळं, पळापळ जास्त आणि तिकीट काढून येणाऱ्याला पैसे वसूल. लंडनच्या साहेबांकडे जो खेळ राहिला तो रग्बी युनियन. आज ट्रायला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की, लीगमध्ये चार गुण, युनियनमध्ये पाच.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे समजावून सांगायला लागलं नसतं. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता, १९८१ ला वेगळा झाला, तर तिथून घरटी एक माणूस लालबाग-परळच्या गिरणीत होता आणि पाळी सुटली की चाळीच्या मैदानात कबड्डी. तिकडे मजुरी भरून द्यायची की नाही यावर खेळ फुटला, इकडे मैदानाची वाट नोकरीकडे गेली, चांगला चढाईवाला दिसला की कुठली बँक, कुठली कंपनी त्याला आपल्या टीमसाठी उचलायची. अजूनही आपली पोरं खेळतात तेव्हा घरच्यांच्या डोळ्यापुढे कप नसतो, सरकारी नोकरीतला पाच टक्के खेळाडू कोटा असतो.

आणि एक, मुंबईत अंधेरीला २०२५ च्या जूनमध्ये जी रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांची, युनियनच्या घराण्यातली. नावात लीग आहे म्हणून गोंधळू नका.

दादानू, तुमचा लिवलेला वाचलंय. पन माका एक गोष्ट समाजली नाय. मोबाईलार बघलंय, तीन-चार जण एकाक आडवो पाडतत आनि मगे सगळे उठान बाजूक होतत, तो परत बॉल घेवन खेळता. धरलो म्हंजे आऊट नाय? मगे धरतत कित्याक?
*एक वाचक, मालवण*

तुमची शंका एकदम बरोबर ठिकाणी आहे, कारण रग्बी लीगचा सगळा जीव तिथेच आहे. पाडलं की तो माणूस बाद होत नाही, तो उठतो, बॉल जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि मागचा उचलून पुढे पळतो. पण हे सहाच वेळा. सहाव्यांदा पाडलं की बॉल समोरच्या टीमला. म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुतेक टीमा बॉल लांब लाथाडून मोकळ्या होतात. म्हणजे धरायचं ते बाद करायला नाही, पुढे सरकू न द्यायला.

आता गंमत ऐका. पूर्वी ह्याला मर्यादाच नव्हती. एकदा बॉल मिळाला की पडायचं, उठायचं, पडायचं, उठायचं, समोरची टीम बघत बसणार आणि प्रेक्षक जांभया देणार. हा नियम बदलायला टीव्ही कामाला आला, कसा ते सांगतो. १९६५ ला बीबीसीचं दुसरं चॅनल नवीन होतं आणि त्याचे प्रमुख होते डेव्हिड अ‍ॅटनबरो, हो तेच, जंगलातल्या प्राण्यांच्या फिल्मवाले. त्यांच्या कारकिर्दीत त्या चॅनलने रग्बी लीगची एक खास स्पर्धा सुरू करवली, बीबीसी टू फ्लडलिट ट्रॉफी, मंगळवारी रात्री, दिव्यांच्या उजेडात. आपल्या पोस्टरवरच्या भाषेत सांगायचं तर भव्य प्रकाशझोतातील स्पर्धा! ज्या क्लबांकडे दिवे होते तेच सुरुवातीला खेळू शकले, मग बाकीच्यांनी टीव्हीवर दिसायला मिळावं म्हणून खांब उभे केले. कॅसलफर्ड ह्या खाणकामगारांच्या गावाने पहिली तीन वर्षं सलग कप नेला. आणि १९६६ ला चार पकडींची मर्यादा पहिल्यांदा करून बघितली ती ह्याच स्पर्धेत, जमली म्हणून सगळ्या लीगला लागू झाली, १९७२ ला चाराच्या सहा झाल्या.

प्रो कबड्डीत २०१४ पासून तुम्ही बघता ना, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, तिच्यामागे पण हेच डोकं. घड्याळ खात बसणाऱ्याला टीव्ही खपवून घेत नाही. जुन्या लोकांना हे आवडत नाही, म्हणतात टीव्हीने खेळ बिघडवला. मला विचाराल तर दोन्ही ठिकाणी सुधारला. रिकाम्या चढाया बघत रात्र काढलेला माणूस माझ्याशी वाद घालणार नाही.

जाता जाता, १९७३ च्या डिसेंबरात तिकडे विजेचा असा तुटवडा झाला की मैदानावरचे दिवे लावायला बंदी आली, आणि प्रकाशझोतातल्या ट्रॉफीची फायनल भर दुपारी खेळवली. ब्रॅमली नावाच्या छोट्या क्लबने विड्नेसला १५-७ ने त्यांच्याच मैदानावर हरवलं. महावितरणला नावं ठेवताना हे लक्षात असू द्या.

तुमच्या लेखात इंग्लंडचं एवढं कौतुक कशाला? त्यांच्या टीव्हीचा आम्हाला काय उपयोग?
*एक नाराज वाचक, गुहागर*

कौतुक त्या देशाचं नाही हो भाऊ, त्या कार्यक्रमाचं आहे. राजधानीला ज्या खेळाचं काही पडलेलं नाही तो खेळ आपल्या जिल्ह्यापुरता नीट दाखवायचा, एवढी एकच गोष्ट तिथून घ्यायची. क्रिकेट त्यांच्याकडून घेताना कुणी उपयोग विचारला नव्हता.

मी यूट्यूबवर कबड्डी आणि क्रिकेटच्या स्पर्धा लाईव्ह करतो. मंडळं बोलावतात, पैसे बरे मिळतात. पण व्ह्यूज फायनलच्या वेळी येतात आणि दुसऱ्या दिवशी कोण बघत नाही. तुम्ही म्हणता तसा अर्ध्या तासाचा प्रोग्राम करायचा तर सुरुवात कुठून करू? कॅमेरे दोन आहेत, मदतीला चुलत भाऊ आहे.
*एक वाचक, लांजा*

तुझा मेसेज वाचून बरं वाटलं, तू पोरगाच असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. ह्या पत्राला बाकीच्यांपेक्षा जास्त जागा देतो कारण काम करणारा तूच एकटा आहेस, बाकी आम्ही बोलणारे.

पहिलं म्हणजे दुसऱ्या दिवशी कोण बघत नाही ह्यात तुझा कॅमेरा वाईट नाही. रात्री नऊला सुरू झालेली स्पर्धा पहाटे संपते, ते सगळं कोण परत बघणार, आणि बघून त्याला पुढे काय मिळणार? खरी अडचण मी सांगतो ती आहे. तिकडे लीग आहे. ठरलेल्या टीमा, फेब्रुवारीच्या आसपास सुरू, ऑक्टोबरात फायनल, दर आठवड्याला मॅच, पॉइंट टेबल. विगन गावचा माणूस रविवारी टीव्ही लावतो तो आपली मॅच बघायला नाही, ती त्याने मैदानावर बघितलेलीच असते. तो बघतो की शेजारचे सेंट हेलेन्सवाले हरले का, टेबलात आपण कितवे, पुढच्या आठवड्यात गाठ कुणाशी. आपल्याकडे स्पर्धा आहेत, लीग नाही. ह्या शनिवारी एका वाडीचं मंडळ, पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावचा सरपंच चषक, त्याच्या पुढे आमदार चषक, सगळीकडे बाद पद्धत, एका रात्रीत निकाल, ट्रॉफी, रोख बक्षीस, संपलं. गेल्या आठवड्यात कोण जिंकलं ह्याचा ह्या आठवड्याशी काही संबंधच नाही. मग माणूस पुढचा भाग का बघेल?

तर टेबल तू बनव. सरळ वही घे. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतात तिथपासून पावसाच्या तोंडापर्यंत तुझ्या तालुक्यात जिथे जिथे शूट करशील तिथे कोण सेमीला गेलं, कोण जिंकलं, कुठल्या पोराने किती गुण घेतले, कुणी किती पकडी केल्या, लिहून ठेव. जिंकण्याला पाच, फायनल हरण्याला तीन, सेमीला एक, असं काहीतरी ठरव आणि हंगामभर बदलू नको. कुठल्या असोसिएशनची परवानगी लागत नाही ह्याला, आपलं आपण मोजतोय. आणि दर भागाच्या शेवटी ते टेबल दाखव. दोन महिन्यांत बघ, टेबलात खाली असलेली मंडळं तुला फोन करून भांडतील. भांडायला लागली की समज प्रोग्राम चालला.

नावं. हे फार महत्त्वाचं आणि आपल्याकडे सगळ्यात ढिलं. पंचांच्या टेबलावर गुणपत्रिका असते, तिचा मॅचच्या आधी मोबाईलवर फोटो काढ. पूर्ण नाव, वाडी, गाव. हा आमचा बंड्या, हा त्याचा भाचा असं समालोचक माईकवर बोलला तर मैदानातल्या पन्नास जणांना कळतं, विरारला खोलीत बसून बघणाऱ्या चाकरमान्याला कळत नाही, आणि तुझा अर्धा प्रेक्षक तोच आहे. त्याला आपल्या वाडीचं नाव स्क्रीनवर बरोबर लिहिलेलं दिसलं पाहिजे.

कॅमेरा. एक कॅमेरा मध्यरेषेच्या समोर, जेवढा उंच जाईल तेवढा उंच, आणि तो हलवायचा नाही. लोकांना चढाईवाल्याच्या तोंडावर झूम करायची फार हौस असते, मग बोनसला पाय उचललेला होता की टेकलेला ते दिसतच नाही आणि कमेंटमध्ये महायुद्ध. दुसरा कॅमेरा भावाच्या हातात, बाहेर बसलेल्या बाद खेळाडूंवर, कोचवर, म्हाताऱ्या प्रेक्षकांवर. एडिटला बसशील तेव्हा सोनं त्या दुसऱ्यात मिळेल. दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसत असतील तर शटर एक पन्नासांश किंवा एक शतांशवर लाव, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून.

आवाज. मैदानाचा आवाज ठेव, शिट्टी, कबड्डी-कबड्डी, मागून येणाऱ्या शिव्या थोड्या कमी कर. सिनेमाची गाणी टाकू नको, कॉपीराईटचा दावा आला की त्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या कंपनीकडे जाण्याची पाळी येते. आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहे हे सगळ्या मंडळांना माहीत असतं आणि सगळी मंडळं विसरतात, तर त्या समालोचनाच्या भरवशावर राहू नको, नंतर घरी बसून तुझ्या आवाजात समालोचन भर. त्याने प्रोग्रामला एक आवाज पण येईल.

कापाकापी. उद्घाटन, नारळ, सत्कार, भाषणं सगळी काप. आमदारांचं पण. प्रायोजकाचं नाव सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, बास. तीन मॅच घे, एक सविस्तर, दोन पळत्या. आणि एक काम नक्की कर, हरलेल्या कॅप्टनला बोलतं कर. जिंकलेला सगळ्यांचे आभार मानतो आणि काही सांगत नाही, हरलेला मात्र पाचव्या मिनिटाला कुठली पकड चुकली ते अगदी जागेसकट सांगतो.

अपलोड सोमवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या आत. चर्चगेट-विरार गाडीत उभ्याने बघायला अर्धा तास एकदम बरोबर बसतो.

आमच्याकडचे समालोचक खेळापेक्षा जोक जास्त करतात, लोक हसतात, पण माझा मुलगा खेळतो तेव्हा मला ते आवडत नाही. तुमच्या त्या कार्यक्रमात असं चालतं का?
*एक वाचक, वेंगुर्ला*

ताई, ह्या दुखण्यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद झालाय. एडी वेअरिंग नावाचे समालोचक होते, ड्यूजबरीचे, मूळचे पत्रकार, पन्नासच्या दशकापासून १९८१ पर्यंत बीबीसीवर रग्बी लीग म्हणजे त्यांचाच आवाज. बोलणं अस्सल यॉर्कशायरचं, खेळाडूला मैदानाबाहेर काढलं की म्हणायचे, गेला लवकर आंघोळीला. लंडनला आणि दक्षिणेला ते फार लाडके, नकलाकार टीव्हीवर त्यांची नक्कल करायचे. आणि गंमत म्हणजे नाराज होते ते उत्तरेकडचेच लोक. त्यांचं म्हणणं, आमच्या खेळाचा आणि आमच्या बोलीचा हा माणूस तमाशा करतो, सगळ्या देशाला वाटतं आम्ही म्हणजे टोपीवाले विनोदी लोक.

हे वाचलं तेव्हा मला आपली मालवणी आठवली. मुंबईच्या रंगमंचावर आणि सिरियलमध्ये मालवणी आली की हशा ठरलेला, माणूस काहीही बोलो. मग आपणच माईक हातात आला की त्याच हशाच्या मागे लागतो.

पण वेअरिंगची दुसरी बाजू पण सांगतो. १९६८ ची चॅलेंज कपची, म्हणजे रग्बी लीगच्या बाद पद्धतीच्या मोठ्या स्पर्धेची फायनल, लंडनचं वेम्ब्ली मैदान, ढगफुटीसारखा पाऊस होऊन मैदानात तळी साचलेली. वेकफील्ड ट्रिनिटी १०, लीड्स ११, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला वेकफील्डच्या डॉन फॉक्सला गोलपोस्टच्या समोरून सोपी किक. मारली की दोन गुण आणि कप. पाय घसरला, बॉल बाजूने गेला, माणूस चिखलात गुडघ्यांवर कोसळला. सामनावीराचं बक्षीस त्या दिवशी त्यालाच जाहीर झालेलं होतं. तेव्हा वेअरिंगने जोक केला नाही. बिचारं पोर, एवढंच म्हणाले, आणि पन्नास वर्षांहून जास्त झाली तरी लोकांना त्यांचं तेच बोलणं आठवतं.

तेव्हा तुम्ही मंडळाच्या लोकांना सरळ सांगा की पोरगा चुकला तर नाव घेऊन टिंगल नको. गावातल्या बाईने माईकवाल्याला दोन शब्द सुनावले तर तो पुढच्या चढाईपासून सुधारतो असा माझा तरी अंदाज आहे. जोक चालतील, ते आमदारांवर करा म्हणावं.

आम्ही दर्यावर जाणारी माणसं. बोटीवर मोबाईलला रेंज असते तोपर्यंत मॅच बघतो. तिकडे आमच्यासारख्या कोळी लोकांची टीम असते का?
*एक वाचक, हर्णै*

असते, आणि नुसती असते असं नाही, अख्खं शहर आहे. हल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचं बंदर, शहराच्या मधून हल नावाचीच नदी जाते. पश्चिमेला हेसल रोडवर खोल समुद्रात जाणारे ट्रॉलरवाले, त्यांची टीम हल एफसी, काळे-पांढरे. पूर्वेला गोदीकामगार, त्यांची हल किंग्स्टन रोव्हर्स, लाल-पांढरे. एका घरात दोन रंग म्हणजे जेवताना भांडण.

तुम्हाला हे पण सांगायला पाहिजे. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचे तीन ट्रॉलर एकामागोमाग एक बुडाले, ५८ माणसं गेली. तेव्हा हेसल रोडच्या बायका रस्त्यावर उतरल्या, लिलियन बिलोका त्यांच्या पुढे, प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर पाहिजे म्हणून त्यांनी बंदरात आणि थेट लंडनला जाऊन मंत्र्यांना धरलं आणि सुरक्षेचे नियम बदलून घेतले. पुढे आइसलँडने समुद्रातली आपली मासेमारीची हद्द २०० मैलांपर्यंत नेली, १९७६ नंतर हलचा तो धंदा बसला. परराज्यातले ट्रॉलर आणि एलईडी दिवे लावून मासे मारणारे ह्यांच्यावर तुमची जी भांडणं चाललीत त्यात हद्द म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बोटी गेल्या तरी टीमा राहिल्या. १९८० ची चॅलेंज कप फायनल वेम्ब्लीला ह्या दोघांतच झाली, सगळं शहर लंडनला गेलं, आणि शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी बोर्ड लावला की शेवटी जाणाऱ्याने दिवे बंद करावेत. रोव्हर्स १०-५ ने जिंकले. त्याच्या आदल्या डिसेंबरात वर सांगितलेली फ्लडलिट ट्रॉफी बंद पडण्याआधीची शेवटची फायनल, ती पण ह्याच दोघांत, ती हल एफसीने १३-३ ने घेतलेली. आणि २०२५ ला रोव्हर्सने चॅलेंज कप, सुपर लीगच्या टेबलातला पहिला नंबर आणि तिचा विजेता ठरवणारी ग्रँड फायनल असं तिन्ही एका वर्षात मारलं, चाळीस वर्षं मोठ्या कपाविना काढल्यावर. पूर्व हलमध्ये काय झालं असेल ते शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या माणसाने मनातल्या मनात बघावं.

मुलींच्या मॅच पण दाखवतात का तिकडे? आमच्या कॉलेजच्या टीमची फायनल सुरू झाली तेव्हा कॅमेरावाला जेवायला गेला होता.
*एक वाचक, दापोली*

तिकडे पण हे उशिराच सुरू झालं. बायकांची सुपर लीग २०१७ ची, आणि बायकांची चॅलेंज कप फायनल वेम्ब्लीला पहिल्यांदा झाली ती २०२३ ला, सेंट हेलेन्सने लीड्सला २२-८ ने हरवलं. आपल्याकडे भारताच्या महिला कबड्डी टीमने एशियन गेम्सला २०१० आणि २०१४ ला सुवर्ण आणलं, २०१८ ला इराणकडून हरल्या, पुढच्या वेळी हांगझोऊला परत सुवर्ण घेतलं, आणि तरी दापोलीचा कॅमेरावाला जेवायला जातो. लांजाच्या त्या पोराने हे वाचलंच असेल तर त्याने टेबलाला दोन रकाने करावेत, मुलांचा आणि मुलींचा. तुमच्या पुढच्या मॅचची तारीख कळवा, अंकात छापतो.

सुपर लीगची मॅच इथे कुठे आणि किती वाजता बघता येईल?
*एक वाचक, सावंतवाडी*

लीगचं स्वतःचं सुपर लीग प्लस नावाचं स्ट्रीमिंग २०२४ पासून सुरू आहे, पैसे भरावे लागतात, भरण्याआधी भारतात कुठल्या मॅच दिसतात तेवढं त्यांच्या साइटवर बघून घ्या. शुक्रवारी रात्री आठची मॅच म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. कबड्डीची स्पर्धा बघून घरी आलात तर दुसरा हाफ मिळेल.